पापणीवरील रांजणवाडी : शेक, थेंब आणि ती पुन्हा पुन्हा का उठते

गंगाखेड तालुक्यातील एका पालकांनी विचारले आहे की, लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीला वर्षभरात तिसऱ्यांदा रांजणवाडी झाली आहे. पहिल्या दोन फुटून आपोआप बऱ्या झाल्या. या वेळची, उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवरची, सुरुवातीला फार ठणकली. आता ती दुखत नाही, पण तीन आठवडे होऊनही हरभऱ्याएवढी गाठ तशीच आहे. औषधांच्या दुकानातून आणलेले थेंब घातले की लाली उतरते आणि थांबवले की परत येते. आजी चिंचोका उगाळून लावायला सांगतात, मैत्रिणी पिळून काढायला सांगतात, आणि परीक्षेच्या तोंडावर शस्त्रक्रिया करावी लागेल का, ही घरच्यांची मुख्य चिंता आहे.

या वर्णनावरून आज मुलीच्या पापणीवर जे आहे ते बहुधा रांजणवाडी नसून तिच्या मागे राहिलेली गाठ आहे, आणि त्या गाठीसाठी या घटकेला शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण दिसत नाही. गाठीपेक्षा मला त्या थेंबांची काळजी अधिक वाटते. त्याविषयी पुढे लिहितो; आधी पापणीत नेमके काय घडते ते समजून घेतले तर उपचारातील प्रत्येक पायरीचा अर्थ लागेल.

पापणीच्या कडेवर केसांच्या मुळांशी बारीक तेलग्रंथी आणि घामग्रंथी असतात. त्याखेरीज पापणीच्या जाडीत, आतल्या टणक पट्टीमध्ये, उभ्या रांगेत बसवलेल्या लांबट तेलग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरते आणि डोळा लवकर कोरडा पडू देत नाही. या ग्रंथींची तोंडे पापणीच्या कडेवर उघडतात. एखादे तोंड बुजले, आतले तेल साचले आणि तेथे जंतूंनी शिरकाव केला की गळू तयार होते, तीच रांजणवाडी. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात आणि ते बाहेरून यावेच लागतात असे नाही, कारण अनेकांच्या नाकात व कातडीवर ते एरवीही निरुपद्रवीपणे राहत असतात. केसाच्या मुळाशी उठणारी रांजणवाडी बाहेरची. तिला पापणीच्या कडेवर पिवळे तोंड येते आणि ती लवकर फुटते. मायबोमियन ग्रंथीत होणारी आतली. ती जास्त ठणकते, पापणी उलटवल्यावरच तिचे तोंड दिसते, आणि गाठ मागे ठेवण्याची खोड हिलाच अधिक असते.

गाठ मागे का राहते, हे अनेकांना कोडे वाटते. जंतू आटोक्यात आले तरी कोंडलेले तेल ग्रंथीतून आजूबाजूच्या मांसल भागात झिरपते. शरीर त्या तेलाला परके समजून त्याभोवती पेशींचे कुंपण घालते आणि एक टणक, न दुखणारी गोळी तयार होते. वैद्यकात तिला कॅलॅझिऑन म्हणतात. तिच्यात पू नसतो आणि बहुधा जंतूही नसतात. त्यामुळे प्रतिजैविकाचे कितीही थेंब घातले तरी ती विरघळत नाही, आणि पिळली तर काहीच बाहेर येत नाही, उलट तेल आणखी खोल पसरून सूज वाढते. तुमच्या मुलीचे ठणकणे थांबले पण गाठ तशीच राहिली, याचा अर्थ हाच.

आता शेकाविषयी, कारण रांजणवाडी आणि तिच्यानंतरची गाठ या दोन्हींवरचा खरा उपचार तोच आहे आणि बहुतेक घरांत तो इतका अपुरा केला जातो की लोक दोन दिवसांत त्यावरचा विश्वास गमावतात. थंडीत थिजलेले तूप जसे वाटी कोमट पाण्यात धरल्यावर सुटते, तसे ग्रंथीत घट्ट झालेले तेल उष्णतेने पातळ होते. मात्र त्यासाठी ऊब पापणीच्या जाडीत पोहोचली पाहिजे आणि काही मिनिटे टिकली पाहिजे. पाणी चाळीस अंशांच्या थोडे वर, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला चांगले गरम पण सुसह्य लागेल इतके असावे. स्वच्छ धुतलेला सुती रुमाल त्यात भिजवून, पिळून, घडी करून मिटलेल्या डोळ्यावर ठेवावा. हा रुमाल दीड-दोन मिनिटांत निवतो आणि चूक नेमकी येथेच होते : निवलेला रुमाल तसाच दहा मिनिटे डोळ्यावर राहतो आणि शेक घेतल्याचे समाधान तेवढे मिळते. दर दोन मिनिटांनी रुमाल पुन्हा गरम पाण्यात बुडवावा, असे एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे करावे आणि दिवसातून चार वेळा करावे. पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारून डोळा शेकण्याची आपल्याकडची रीत मायेची आहे, पण ती ऊब काही क्षणांची असते आणि तोंडातील जंतू पापणीवर नेणारी असते.

वसतिगृहात दिवसातून चार वेळा पाणी तापवणे जमत नाही, ही अडचण खरी आहे. तेथे तांदळाची पुरचुंडी किंवा उकडून स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बटाटा उपयोगी पडतो, कारण त्यांची ऊब रुमालापेक्षा जास्त वेळ टिकते. एवढी एक दक्षता घ्यावी की अशी वस्तू डोळ्याला लावण्यापूर्वी मनगटावर धरून पाहावी. तव्यावर तापवलेला कोरडा कपडा किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली पिशवी वरून कोमट आणि आतून चटका देण्याइतकी गरम असू शकते. पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातड्यांपैकी आहे. रांजणवाडीऐवजी शेकाने भाजलेली पापणी घेऊन येणारे रुग्णही आम्ही पाहतो.

ठणका असेपर्यंत फक्त शेक घ्यावा, चोळू नये. ठणका गेल्यावर, म्हणजे तुमच्या मुलीच्या आजच्या अवस्थेत, प्रत्येक शेकानंतर लगेच हात साबणाने धुऊन बोटाच्या पेराने हलके मर्दन करावे : वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या कडेच्या दिशेने, जेथे ग्रंथींची तोंडे आहेत. डोळ्याच्या गोलावर दाब देऊ नये. त्यानंतर पापणीची कड स्वच्छ करावी. कोमट पाण्याच्या वाटीत लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून, त्यात भिजवलेल्या कापसाने डोळा मिटून केसांच्या मुळांवरून आडवे पुसावे आणि साध्या पाण्याने धुवावे. याने कुणाला कोरडेपणा किंवा आग जाणवली तर ते थांबवून पापण्यांसाठी मिळणाऱ्या तयार पुसण्या वापराव्यात.

हे सारे किती सिद्ध झालेले आहे, असा प्रश्न विचारणारा रुग्ण मला आवडतो. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने आतल्या रांजणवाडीवरील बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांचा आढावा २०१० मध्ये घेतला, २०१३ आणि २०१७ मध्ये तो पुन्हा तपासला, आणि कसोटीला उतरणारी एकही तुलनात्मक चाचणी त्यांना मिळाली नाही. त्यात शेकही आला आणि प्रतिजैविकेही आली. तेव्हा शेकाची शिफारस पापणीच्या रचनेच्या ज्ञानावर आणि दीर्घ अनुभवावर उभी आहे. माझ्या मते ती तरीही पहिली ठरते, कारण नीट केलेल्या शेकाने अपाय होत नाही. थेंबांविषयी असे म्हणता येत नाही.

प्रतिजैविकाच्या मलमाला मर्यादित जागा आहे. रांजणवाडी फुटून पू येत असेल, शेजारच्या केसांच्या मुळांशी नवीन पुटकुळ्या दिसत असतील किंवा पापण्यांच्या कडांना जुनी सूज असेल, तर काही दिवस रात्री झोपताना मलम लावल्याने संसर्ग पसरण्यास आळा बसतो. तोंड न आलेल्या, बंद गळवाच्या आत मात्र ते पुरेसे पोहोचत नाही. तोंडाने घेण्याच्या प्रतिजैविकांची गरज संसर्ग पापणीभर पसरला तरच पडते; प्रत्येक रांजणवाडीला गोळ्यांचा कोर्स देण्याची पद्धत मला पटत नाही. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे होते.

आता त्या थेंबांकडे. घातले की लाली उतरते आणि बंद केले की परत येते, हे वर्णन वाचताच प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असलेल्या मिश्रणाची शंका येते. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. ते लाली आणि सूज दाबते, मूळ कारण हटवत नाही. आठवडेच्या आठवडे ते घातल्यास काही व्यक्तींमध्ये डोळ्यातील दाब वाढतो, आणि तो दुखल्याशिवाय वाढत असल्याने नजरेची नस कायमची दुबळी होईपर्यंत कळत नाही. त्यालाच आपण काचबिंदू म्हणतो. दीर्घ वापराने कमी वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. मुलीने हे थेंब दोन आठवड्यांहून अधिक वापरले असतील, तर ते पुढे चालू ठेवायचे की नाही हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे आणि त्याच भेटीत डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. ही तपासणी काही मिनिटांची असते.

आणखी एक गोष्ट शेतकरी घर म्हणून सांगतो. अशी अर्धी उरलेली बाटली घरात फडताळात राहते. सोयाबीनच्या मळणीत किंवा तुरीच्या काढणीत कुणाच्या डोळ्यात काडी-कुसळ जाते, डोळा लाल होतो आणि तीच बाटली हाताशी येते. शेतातील काडी लागून बुबुळावर झालेल्या जखमेत बुरशी वाढण्याचा धोका मोठा असतो, आणि तेथे स्टेरॉइडचा थेंब पडला तर बुरशीला मोकळे रान मिळते. अशा डोळ्यांत नजर वाचवणे कठीण जाते. तेव्हा डॉक्टरांनी थेंब बंद केले की ती बाटली टाकून द्या. उघडलेली कोणतीही थेंबांची बाटली साधारण महिनाभरानंतर वापरू नये, हा नियम तर सर्वच थेंबांना लागू आहे.

घरगुती उपायांविषयी मी सरसकट नाही म्हणत नाही. तळहातावर बोट घासून ते पापणीला लावणे किंवा सोन्याची अंगठी घासून टेकवणे यात थोडी ऊब मिळते, एवढाच त्यातला अर्थ. हात धुतलेले असावेत. पण सहाणेवर उगाळलेला चिंचोका किंवा लवंग, कापलेला लसूण, चुना यांतील काहीही पापणीच्या कडेवर लावू नये. सहाण आणि पाणी निर्जंतुक नसतात, लेप वाळला की त्याचे कण डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडे काढतात, लवंग व लसूण पापणीची कातडी भाजतात, आणि चुना डोळ्यात गेला तर ती तातडीची आपत्ती होते : जागच्या जागी वाहत्या पाण्याखाली किमान अर्धा तास डोळा धुऊन मगच रुग्णालय गाठावे लागते. आजींना सांगायचे असेल तर एवढेच सांगा की चिंचोक्याचा लेप ज्या दिवसांत गुण देताना दिसला, त्याच दिवसांत बहुतेक रांजणवाड्या आपल्या आपणही फुटतात. पिळण्याचा मैत्रिणींचा सल्ला तर मानूच नये. चेहऱ्याच्या या भागातील शिरांचा संबंध डोळ्याच्या खोबणीमागून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी आहे, आणि दाबलेला पू आत सरकण्याची शक्यता दुर्मीळ असली तरी तिचे परिणाम गंभीर असतात.

बाहेरची साधी रांजणवाडी तीन-चार दिवसांत तोंड धरते, फुटते आणि आठवडा-दहा दिवसांत बरी होते. नीट शेक घेऊनही दोन दिवसांत ठणका कमी होण्याऐवजी वाढत असेल तर दाखवावे. परंतु संपूर्ण पापणी लाल होऊन डोळा उघडेनासा झाला, ताप आला, डोळा फिरवताना आतून दुखू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, डोळा पुढे आल्यासारखा वाटू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. लहान मुलांच्या बाबतीत तर काही तासांचाही उशीर करू नये. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली आलेली दुखरी सूज ही रांजणवाडी नसून अश्रूंच्या पिशवीचा संसर्ग असतो. त्यावर शेक घेत बसल्याने वेळ जातो.

रांजणवाडी वर्षात तीन वेळा उठते तेव्हा तिन्ही वेळा वेगळा अपघात झाला असे समजण्यापेक्षा पापणीची कडच आजारी आहे का, ते पाहावे. तरुण मुलींमध्ये मला बहुतेक वेळा हेच आढळते. केसांच्या मुळांशी कोंड्यासारखे पापुद्रे, डोक्यात कोंडा, चेहऱ्यावर मुरमे, सकाळी पापण्या चिकटणे, संध्याकाळी डोळ्यांची चुरचुर, अशा खुणा विचारून पाहा. पापुद्रे केसाभोवती कडे केल्यासारखे बसलेले असतील, तर डेमोडेक्स नावाच्या अतिसूक्ष्म किड्यांचाही विचार करावा लागतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या औषधाने या तेलग्रंथी आणखी सुकतात. अशा जुनाट सुजेत काही आठवडे डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. ते डॉक्टरांनी ठरवावे.

दुसरे कारण चष्म्याचे. नंबर बदललेला असेल किंवा चष्मा लागलेला असून लावला नसेल, तर दहा-बारा तास पुस्तकात आणि मोबाइलवरच्या व्याख्यानांत डोळे घालणारी मुले नकळत डोळे चोळतात, आणि चोळणाऱ्या बोटांनीच जंतू पापणीच्या कडेला पोहोचतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे ग्रंथींतील तेल बाहेर येण्याची नेहमीची क्रियाही मंदावते. लातूरमधील शिकवणीच्या मुलांची नंबर-तपासणी वर्षातून एकदा व्हावी, हे मी रांजणवाडी नसतानाही सांगतो.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर लावले जाते आणि नेमकी तेथेच या ग्रंथींची तोंडे असतात. गाठ पूर्ण जाईपर्यंत ते बंद ठेवावे, जुनी डबी फेकून द्यावी आणि वसतिगृहात एकमेकींचे काजळ व टॉवेल वापरू नयेत. रांजणवाडी नुसती पाहिल्याने दुसऱ्याला होत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची जी साथ आली होती ती वेगळ्या आजाराची. तिच्या आठवणीने मुलीला वर्गात वेगळे बसवण्याचे काही कारण नाही. आंबा किंवा गूळ खाल्ल्याने उष्णता वाढून रांजणवाडी होते, या समजुतीलाही आधार नाही. मात्र वारंवार गळवे होणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा एकदा तपासावी. चाळिशीपुढच्या रुग्णांत मी ती पहिल्याच भेटीत करायला सांगतो, कारण कधी कधी मधुमेहाचा पत्ता पापणीवरूनच लागतो.

राहिला शस्त्रक्रियेचा प्रश्न. गाठ येऊन तीनच आठवडे झाले आहेत आणि शेक नीट झालेला नसावा, असे गृहीत धरून आणखी चार ते सहा आठवडे वर सांगितलेला क्रम पाळावा. बऱ्याचशा गाठी या काळात लहान होत जिरतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. तोवर नजर नीट असेल तर अभ्यास, परीक्षा काहीच अडत नाही. गाठ मोठी असून बुबुळावर दाब देत असेल तर त्याचा आकार किंचित बदलून अक्षरे धूसर दिसू शकतात; तशी तक्रार असेल तर इतके थांबू नये. लहान मुलांत असा दाब महिनोन्महिने राहिला तर नजर आळशी होण्याचा धोका असतो, म्हणून तेथे आम्ही लवकर निर्णय घेतो.

थांबूनही गाठ राहिलीच तर दोन मार्ग असतात. ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचे एक इंजेक्शन थेट गाठीत देता येते. येथे स्टेरॉइड योग्य जागी, योग्य मात्रेत आणि डॉक्टरांच्या हाताने जाते, म्हणून वरची टीका त्याला लागू होत नाही. मात्र आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी फिकट डाग पडू शकतो, आणि ही शक्यता आधी सांगितली गेली पाहिजे. दुसरा मार्ग छोट्या शस्त्रक्रियेचा. पापणी सुन्न करून ती उलटवतात, आतल्या बाजूने उभा छेद देऊन साचलेला भाग खरवडून काढतात. छेद आत असल्याने बाहेर व्रण दिसत नाही, टाके लागत नाहीत, एकूण पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. डोळ्यावर काही तास पट्टी असते, दोन-चार दिवस पापणी काळीनिळी दिसते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती करू नये, एवढेच पथ्य. लातूर, अंबाजोगाई आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे. पहिल्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे गेले तरी चालते.

हे उत्तर घरात सर्वांनी वाचले तर बरे, कारण याच गाठीचा अर्थ वयानुसार बदलतो. पन्नाशी-साठीनंतरच्या व्यक्तीच्या पापणीवर, विशेषतः वरच्या, न दुखणारी गाठ आली, काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली, तेथील पापणीचे केस गळले, किंवा एकाच डोळ्याची पापणी महिनोन्महिने लाल व जाड राहिली, तर त्या तेलग्रंथीचा कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत या प्रकाराचे प्रमाण बरेच जास्त आहे, आणि तो साध्या गाठीचे सोंग घेऊन येतो. अशा वयात काढलेली गाठ फेकून न देता तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा, असे रुग्णाच्या नातेवाइकांनी स्वतः म्हणावे आणि तिचा अहवाल हातात घेऊनच परतावे. तुमच्या मुलीच्या वयात ही शक्यता अत्यंत कमी आहे. तिची गाठ मात्र एकदा काढूनही त्याच ठिकाणी परतली, तर तिचाही तुकडा तपासायला द्यावा.